ताई, तुमचं जुनं विंडोज मी काढलं

ताई,

आधी अक्षराची माफी मागते. माझी ओळ कधी वर चढते, कधी खाली घसरते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जेवढं समजलं तेवढंच. तुमच्या शेजारी बसून मी हजारो नावं टाइप केली, पण शेवटी प्रत्येक कागदावरून तुमची लाल पेन्सिल फिरायची. आता ती फिरणार नाही, म्हणून चुका राहतील. फुकट गेलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. नवा कागद घेतला असता तर तुम्ही रागावला असता.

तुम्हाला जाऊन साडेतीन महिने झाले. घरात तुमचं नाव निघालं की सगळे काही ना काही बोलतात. तुमचे भाऊ, म्हणजे माझे मालक बोलतात, शेजारणी बोलतात. मी उठून चुलीकडे जाते. मला जे बोलायचं आहे ते त्यांना सांगण्यासारखं नाही. ते तुमच्याशीच बोलायचं आहे, आणि ते कंप्युटरबद्दल आहे.

मी लग्न होऊन जळोचीला आले त्याच वर्षी तुम्ही नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलात. एका घरात एकाच वर्षी एक आली आणि एक परत आली. लोकांना वाटलं, आता नणंदा-भावजयांची रोज जुंपणार. तुम्ही मात्र बारामतीला जाऊन टायपिंग शिकलात, रस्त्याला दहा बाय दहाचं दुकान घेतलंत, त्यात कंप्युटर मांडलात, आणि एक दिवस मला म्हणालात, "शालन, घरी बसून काय करतीस? चल, कीबोर्डवरची धूळ तरी पुसशील."

मी धूळ पुसायला आले आणि टाइप करायला लागले. गिऱ्हाइकांशी बोलायचं तुम्ही, भिंतीकडे तोंड करून टाइप करायचं मी. मला तेच बरं वाटायचं. कित्येकांनी माझी पाठच पाहिली असेल.

आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकांचं काम जास्त. आपल्या समाजातली बहुतेक प्रत्येक मंगल परिणयाची पत्रिका तुमच्याच हातची, वर बुद्धांचं चित्र, कडेनं तुम्ही काढलेली पिंपळपानांची वेल. तुमची फायलींची पद्धत कुणाला कळली नसती. नवरा-नवरीच्या नावानं तुम्ही कधीच फाईल ठेवली नाही. नवरीच्या मामाच्या नावानं ठेवायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाला होतात, "आगं, नवरी कोण हे कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? पण मामाचं नाव चुकलं का लगीन मोडायची पाळी येती. मामा घट, तर पत्रिका घट."

आणि एका घरातलं दुसरं लग्न निघालं की जुनीच पत्रिका उघडायची, नावं बदलायची. त्यातच माझा तो घोटाळा झाला. एका घरच्या जुन्या पत्रिकेत ज्या जागी वारलेल्या आजोबांचं नाव होतं, तिथं मी त्यांच्या धाकट्या भावाचं नाव घातलं, पण पुढचा 'कालकथित' पुसायचा राहिला. तुम्ही त्या दिवशी तापानं घरी होता. पाचशे पत्रिका छापून गेल्या. तिसऱ्या दिवशी ते म्हातारबाबा काठी टेकत स्वतःच दुकानात आले.

"कोण म्हणतंय मी कालकथित हाय?"

मी भिंतीत शिरायची बाकी होते. तुम्ही खुर्ची पुढं केलीत. "बसा आबा. चहा घ्या."

"चहा पितो. म्येलेला मानूस चहा पितो का, ते बगा आदी."

"आबा, आसं छापलं का आयुष्य वाढतं म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

म्हातारा इतका हसला की चहा धोतरावर सांडला. पत्रिका तुम्ही पदरच्या खर्चानं परत छापून दिल्यात. चूक कुणाची ते त्यांनी विचारलं, तेव्हा म्हणालात, "दुकानाची." माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत. तेव्हा मला ती साधी गोष्ट वाटली होती. आता वाटत नाही.

मग लग्नसराईपेक्षा ऑनलाइन फॉर्मांची गर्दी वाढली. शाळा-कॉलेजचे प्रवेश, पीक विमा, दाखले. आपल्या कंप्युटरवरचं विंडोज जुनं. आधी एक-दोन साइट उघडेनात, मग पडद्यावर रोज पिवळा त्रिकोण यायला लागला. बारामतीहून दुरुस्तीला येणारे शौकतभाई दर वेळी तेच सांगायचे.

"ताई, हे विंडोज म्हातारं झालं. कंपनीनं त्याच्याकडं बघायचं सोडलंय. नवं टाकू."

"आन माझ्या पत्रिका?"

"तो प्रोग्राम नव्यात चालायचा न्हाय. त्याचं कुलूपच लागत न्हाय तितं."

कुलूप म्हणजे कंप्युटरच्या मागं लावलेला तो अंगठ्याएवढा तुकडा. तो काढला की पत्रिकेचा प्रोग्राम उघडायचा नाही. ज्यांनी तो बनवला त्यांचा धंदा कधीच बंद झाला होता. दुसऱ्या कंप्युटरवर आपली फाईल उघडली की मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं सांडल्यासारखी दिसायची.

"मग टाकू नका," तुम्ही म्हणायचा. "चालतंय तंवर चालू द्या."

"चालत न्हाय म्हणून तर मला बोलावलं न्हवं?"

"तुमाला चहा प्यायला बोलावलं."

मी यात कधी बोलले नाही. एकदाच बोलले. आपल्या गल्लीतल्या त्या पोरीचा नर्सिंगचा फॉर्म होता, शेवटचा दिवस होता, आणि साइट उघडेना. दुपारभर तुम्ही खटपट केलीत. शेवटी तिचा बाप तिला गाडीवर बसवून बारामतीला पळाला. फॉर्म भरला गेला, पण वेळ संपायला थोडाच अवकाश होता. ते गेल्यावर मी म्हणाले, "तुमच्या हट्टापायी त्या पोरीचं वर्ष गेलं आसतं."

तुम्ही वळून पाहिलंत. "तुला काय कळतं त्यातलं? चौथी शिकल्याली तू."

मी चार दिवस काहीच बोलले नाही. भाकरी वाढली, दुकानात आले, टाइप केलं. पाचव्या दिवशी तुम्ही दुकान लवकर बंद केलंत, एसटीनं भिगवणला गेलात आणि तळलेली चिलापी घेऊन आलात. माझं माहेर तिकडचं, मला तिथलीच चव लागते, हे तुम्ही कधी लक्षात ठेवलंत कुणास ठाऊक. पिशवी माझ्यापुढं ठेवलीत आणि म्हणालात, "काटं बघून खा." मी मासे खाल्ले. तरी बोलले नाही. ताई, त्याच दिवशी माझा राग गेला होता. ते तुम्हाला सांगायचं राहिलं. तोंड वर करून 'मासे चांगले हायत' एवढं म्हणायला काय हरकत होती, पण मला ते जमलं नाही.

दवाखान्यात तुम्ही नऊ दिवस होता. सहाव्या दिवशी जरा बोलायला लागलात. मी उशी सारखी करत होते. तुम्ही विचारलंत, "दुकानातलं मशीन चालू हाय का?"

"हाय."

"कुणाला हात लावू द्यायचा न्हाय. तू सोडून."

त्यावर मी नुसती मान हलवली. पुढं तीन दिवसांनी सगळं संपलं.

जुन्या प्रोग्राममध्ये मी केलेलं शेवटचं काम म्हणजे तुमच्या जलदान विधीचा कागद. तुमचे भाऊ म्हणाले, बाहेरून छापून आणू. मी म्हणाले, नाही. तुमची पिंपळपानांची वेल घेतली, मजकूर टाकला, आणि तुमच्या नावापुढं 'कालकथित' टाइप करायची वेळ आली तेव्हा हात थांबला. त्या म्हातारबाबांची आठवण आली आणि मला हसू आलं. दुकानात एकटी बसून हसले, मग रडले, मग तो शब्द टाइप केला. प्रूफ तीनदा वाचलं. त्यात चूक नव्हती असं मला वाटतं.

मग प्रश्न उरला. दुकान चालवायचं तर फॉर्मांची कामं हवीत, त्यासाठी नवं विंडोज हवं. नवं टाकायचं तर तुमच्या सगळ्या पत्रिका जातात. दुसरा कंप्युटर घेण्याएवढे पैसे नव्हते. तुमचे भाऊ म्हणाले, "दुकान बंद कर, गाळा भाड्यानं दिऊ." तेही खरंच होतं. मी आठ दिवस रोज दुकान उघडायची, कंप्युटर लावायची, तो पिवळा त्रिकोण बघायची आणि बंद करायची. येणारे विचारायचे, "फॉर्म भरून मिळंल का?" मी मान हलवून नाही म्हणायची. ते पुढच्या दुकानात जायचे.

नवव्या दिवशी त्या नर्सिंगच्या पोरीची आई आली. धाकटीचा फॉर्म होता. मी नाही म्हणाले तर ती म्हणाली, "ताई आसत्या तर काय तरी केलं आसतं." मला ते लागलं. कारण तुम्ही असता तरी काही केलं नसतंत, ताई. तिच्या मोठ्या पोरीच्या वेळी तुम्हाला जमलं नव्हतं. पण लोक तुम्हाला तसंच आठवत होते, आणि ती आठवण खोटी पडू नये असं मला वाटलं. मी शौकतभाईंना फोन केला. दुकानाच्या कामासाठी मी केलेला तो पहिला फोन.

त्यांनी एक वाट सांगितली. जुन्यात आहे तोवर एकेक पत्रिका उघडायची आणि तिची पीडीएफ करून पेनड्राइव्हवर ठेवायची. "वाचता येत्याल वैनी, छापता येत्याल. पर त्यात बदल करता येनार न्हाय." म्हणाले, नवी डिस्क घेतली तर जुनी जशीच्या तशी बाजूला ठेवता येईल, पण अठराशे जास्त लागतील. माझ्याकडं ते नव्हते. मी म्हणाले, हीच पुसून टाका.

अकरा दिवस मी पत्रिका उघडत होते. सहाशेच्या वर होत्या. प्रत्येक मामाच्या नावाखाली एक लग्न. काही नवऱ्यांच्या लेकी आता लग्नाला आल्या आहेत. काही पत्रिकांमध्ये 'आपले नम्र' म्हणून नावं होती त्यातली निम्मी माणसं राहिली नाहीत. त्या सगळ्यांची नावं तुम्ही बरोबर लिहिली होती, काना-मात्रा न चुकता. एका पत्रिकेत तुमच्या स्वतःच्या लग्नाची तारीख आणि दोन ओळी सापडल्या, अर्धवट, कुणासाठी नाही, नुसत्याच करून पाहिलेल्या. मी ती फाईल बंद केली. तिची पीडीएफ केली नाही. ती तुमची होती.

शौकतभाईंनी नवं विंडोज टाकलं. निळा पडदा आला, सगळं दुसऱ्याच जागी. मराठीची कळ कुठं, प्रिंट कुठून, काही कळेना. बोटांना जी वाट पाठ होती ती वाटच राहिली नव्हती. त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही हट्टी नव्हता, ताई. तुम्ही घाबरला होता. सगळं सोडून आल्यावर एवढी एकच गोष्ट तुम्ही स्वतःच्या जोरावर शिकला होता, आणि नवं टाकलं असतं तर तुम्हालाही माझ्यासारखं पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं. मला चौथीवाली म्हणालात ते त्या भीतीनं. मी आधी ओळखलं असतं तर म्हणाले असते, चला, दोघी मिळून शिकू.

आता माझी चूक सांगते.

दहा-बारा दिवसांनी इंदापूरकडच्या सुलोचनाबाईंचा फोन आला. त्यांच्या धाकट्या लेकीची पत्रिका तुमच्याकडं होती. आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही इसार म्हणून साडेतीन हजार घेतले होते. त्या म्हणाल्या, "पत्रिकेचं कुठवर आलं? मामांचं मिटलं आता." तेव्हा मला आठवलं. त्या घरात दोन मामा, आणि कुणाचं नाव आधी यावरून भांडण चाललेलं. मामा ठरेना म्हणून तुम्ही फाईलला मामाचं नावच दिलं नव्हतं. ती पत्रिकांच्या फोल्डरमध्ये नव्हतीच, पडद्यावर एका कोपऱ्यात 'नंतर' म्हणून ठेवलेली होती. मी मामांच्या नावांनी शोधत गेले. ज्याला मामाच नाही ती पत्रिका माझ्या नजरेत आली नाही. डिस्क पुसली तेव्हा ती गेली. तुम्ही फोनवर ऐकून घेतलेली सगळी नावं तिच्यात होती. कागद कुठंच नव्हता.

मी एका हातानं टेबलाचे खण उघडून बघत होते. त्याच म्हणाल्या, "त्येंच्याकडून झालंच नसंल, न्हाय का? आजारी हुत्या बिचाऱ्या."

आणि मी म्हणाले, "व्हय."

एवढा एकच शब्द. त्या चांगल्या बाई. "ऱ्हाऊ द्या मग, आमी इंदापुरातच छापून घेतो. पैशाचं बघू नंतर," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला सुटल्यासारखं झालं. त्या रात्री जेवण गेलं नाही, पण सुटल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही होतं.

आठवड्यानं दुकानात तिकडचं एक गिऱ्हाईक आलं. फॉर्म भरता भरता मागं बसून दुसऱ्याला सांगत होतं, "हितल्या ताईनं त्या सुलोचनाबाईचे पैसे घेतले आन काम केलंच न्हाय. म्येलेल्या माणसाला काय म्हणायचं." मी भिंतीकडे तोंड करून टाइप करत होते. माझी पाठच त्यांना दिसत होती. बोटं चालत होती. ताई, मी तेव्हाही वळले नाही.

पण दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि बारामतीच्या स्टँडवर गेले. इंदापूरची एसटी धरली, पुढं भाड्याची जीप. गाडीत मनातल्या मनात वाक्य जुळवत होते, आणि त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यातलं एकही आठवेना. सुलोचनाबाई शेंगा निवडत होत्या.

"कोण गं तू?"

"जळोचीची. पुष्पाताईंची भावजय. त्यांच्याजवळ बसायची ती."

"आगं बाई, ती पाठमोरी?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पत्रिका झाली होती, ताईंनी केली होती, नुसत्या मामांच्या नावाची जागा रिकामी होती. ती माझ्या हातून पुसली गेली. कंप्युटर नवा करायचं मी ठरवलं आणि मी नीट बघितलं नाही. फोनवर मी खोटं बोलले. ताईंचं काही चुकलं नव्हतं.

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "हे सांगाया येवढ्या उन्हात आलीस?"

"व्हय. आणि हे." मी दोन हजार पुढं केले. "बाकीचे दीड हजार फॉर्मांच्या दिवसांत देते."

पैसे त्यांनी लगेच घेतले नाहीत. आधी पाणी दिलं, बस म्हणाल्या. मग नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, "ऐकलं का? पुष्पाताईनं काम केलं हुतं. गावात उगं कायबाय बोलू नका कुणी." ते म्हणाले, "मी कुठं काय बोललो?" त्या म्हणाल्या, "तुमीच तर बोलत फिरलात." मग त्यांनी पैसे घेतले.

मी विचारलं, मामांचं कसं मिटलं. त्या हसायला लागल्या. "दोघांची नावं एकाच ओळीत छापली. तर डाव्या अंगाचा म्हणतो मला डावा का ठरवला? उजव्या अंगाचा म्हणतो मला मागं का टाकलं? दोघंबी रुसल्यात. जेवायला तेवढी येत्याल."

तुम्ही असता तर हे ऐकून दिवसभर हसला असता. परत येताना गाडीत मी तुम्हाला ते सांगत होते, मनात.

नवं विंडोज आता मला बऱ्यापैकी येतं. मराठी टाइप करायची नवी पद्धत शिकते आहे, बोटं अजून जुन्याच जागी जातात. जूनमध्ये रांग लागली होती. गिऱ्हाइकांशी बोलायला दुसरं कुणी नाही, म्हणून टेबल फिरवून घेतलं. आता माझं तोंड रस्त्याकडं असतं. पहिले काही दिवस फार अवघड गेले. त्या नर्सिंगच्या पोरीच्या धाकट्या बहिणीचा फॉर्म भरला, वेळेच्या चार दिवस आधी.

तुमच्यासारखी पत्रिका मला अजून करता येत नाही. लोक मागायला येतात तेव्हा मी खरं सांगते, पुष्पाताईंची वेल होती, आता माझी साधी आहे. काही जण तरी करून घेतात, काही परत जातात.

ताई, मी विंडोज बदललं ते बरोबर केलं का, हे अजून नक्की सांगता येत नाही. एका पोरीचा फॉर्म भरला गेला आणि एका पोरीची पत्रिका गेली. तुम्ही म्हणाला होतात, तू सोडून कुणी हात लावायचा नाही. मी हात लावला. जे झालं ते माझ्या हातचं आहे, तुमच्या नाही. एवढंच सगळ्यांना कळावं असं मला वाटत होतं.

काल दुकान दुपारी बंद करून परत इंदापूरकडं गेले होते. सुलोचनाबाई ओसरीवर होत्या. लेक सासरहून आली होती, तिनं मला खुर्ची दिली. मी दीड हजार काढले, शंभराच्या नोटा, फॉर्मांच्याच. सुलोचनाबाईंनी बोटाला थुंकी लावून दोनदा मोजल्या, लेकीकडून एकदा मोजून घेतल्या, आणि डब्यात ठेवल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "साडेतीनच्या साडेतीन."